खासगी कॉलेजातली नोकरी आणि मुलांचं शिक्षण: ट्युशन एक्स्चेंजची सवलत कशी मिळवायची

अमेरिकेतल्या खासगी कॉलेजात नोकरी लागते तेव्हा ऑफर लेटरमधला पगार आपण दहा वेळा वाचतो. आरोग्य विम्याची चौकशी करतो, निवृत्तीच्या खात्यात कॉलेज किती टाकणार ते विचारतो. ट्युशन एक्स्चेंज, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या मुलांना दुसऱ्या कॉलेजात मिळणारी ट्युशनची (शिक्षण-शुल्काची) माफी, मात्र बहुतेक वेळा ‘इतर लाभ’ या मथळ्याखाली एका ओळीत असतं, आणि मूल अजून प्राथमिक शाळेत असेल तर ती ओळ कोणी वाचतही नाही. पुढे मूल अकरावीत जातं, कॉलेजांच्या फीचे आकडे समोर येतात आणि धावपळ सुरू होते. तोवर काही मुदती निघून गेलेल्या असतात.

या सवलतीची किंमत एका मुलामागे चार वर्षांत लाखाच्या पुढे, काही वेळा दीड लाख डॉलरच्या पुढे जाऊ शकते. आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. पात्रतेच्या यादीत प्राध्यापक असतात तसेच ग्रंथालयातले, आयटीतले, हिशेब खात्यातले, इमारतींची देखभाल करणारे पूर्णवेळ कर्मचारीही असतात. पगारात कितीही फरक असला तरी मुलांच्या शिक्षणाचा हा दरवाजा बहुतेक कॉलेजांत सगळ्यांसाठी सारखाच उघडतो. म्हणूनच पुण्या-नागपूरहून नव्याने आलेल्या, इथल्या पद्धती माहीत नसलेल्या कुटुंबांपर्यंत ही माहिती वेळेवर पोहोचायला हवी.

आधी तीन गोष्टी वेगळ्या करू

‘ट्युशन बेनिफिट’ या एकाच नावाखाली तीन वेगळ्या सवलती असतात आणि लोक त्यांची सरमिसळ करतात.

पहिली म्हणजे ट्युशन रिमिशन. आपण नोकरी करतो त्याच कॉलेजात मुलाने प्रवेश घेतला तर शिक्षण-शुल्क पूर्ण किंवा काही प्रमाणात माफ होतं. ही सगळ्यात सरळ आणि सगळ्यात खात्रीची सवलत. मुलाला प्रवेश मिळाला आणि नोकरीची अट पूर्ण असली की सहसा दुसरी स्पर्धा नसते.

दुसरी ट्युशन एक्स्चेंज. इथे कॉलेजांचा एक गट आपापसात करार करतो: तुमच्या कर्मचाऱ्यांची मुलं आम्ही घेऊ, आमच्या कर्मचाऱ्यांची तुम्ही घ्या. गावातल्या सावडीसारखाच हा व्यवहार, पैसे हातात येत नाहीत, कामाची परतफेड कामाने होते. आपलं मूल दुसऱ्या कॉलेजात गेलं की आपल्या कॉलेजसाठी तो ‘एक्स्पोर्ट’, आणि दुसरीकडून आलेलं मूल म्हणजे ‘इम्पोर्ट’. लाभाच्या कागदपत्रांत हेच शब्द दिसतील.

तिसरी म्हणजे ट्युशन ग्रँट. मूल कुठल्याही मान्यताप्राप्त कॉलेजात गेलं तरी आपलं विद्यापीठ ठरावीक रक्कम भरतं. ही सवलत मुख्यतः मोठ्या, श्रीमंत विद्यापीठांत आढळते. स्टॅनफर्डची अशी योजना ओळखीची आहे. तिथे मर्यादा स्टॅनफर्डच्या स्वतःच्या ट्युशनच्या निम्म्याशी जोडलेली असते. लहान कॉलेजांना एवढा खर्च झेपत नाही, म्हणून ती एक्स्चेंजच्या जाळ्यात सामील होतात.

हा लेख मुख्यतः दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे.

कोणती जाळी आहेत

एकच कॉलेज दोन-तीन जाळ्यांत असू शकतं. त्यामुळे ‘आमच्याकडे एक्स्चेंज आहे’ एवढ्या उत्तरावर थांबू नका, कुठलं कुठलं आहे ते विचारा.

सगळ्यात मोठं जाळं ‘द ट्युशन एक्स्चेंज’ या ना-नफा संस्थेचं. बोलताना त्याला टीटीई म्हणतात. १९५०च्या दशकात सुरू झालेल्या या संस्थेची आज सहाशेहून जास्त सदस्य कॉलेजं आहेत, आणि त्यांत बरीच मोठी, नावाजलेली खासगी विद्यापीठंही आहेत. आयव्ही लीगमधलं, म्हणजे हार्वर्ड-येलच्या गटातलं, मात्र एकही नाही, हे सुरुवातीलाच मनाशी पक्कं करा. टीटीईमध्ये दोन गोष्टी महत्त्वाच्या. प्रत्येक कॉलेजला आपले इम्पोर्ट आणि एक्स्पोर्ट यांचा तोल सांभाळावा लागतो, म्हणून आपलं कॉलेज एका वर्षात किती मुलांना बाहेर पाठवू शकतं यावर मर्यादा येते. आणि जिथे ट्युशन फार जास्त आहे ती कॉलेजं पूर्ण ट्युशनऐवजी ‘सेट रेट’ देऊ शकतात. हा दर संस्था दरवर्षी ठरवते. गेल्या काही वर्षांत तो वर्षाला चाळीस हजार डॉलरच्या आसपास राहिला आहे. ट्युशन त्याहून जास्त असेल तर वरचा फरक आपल्या खिशातून जातो.

दुसरं जाळं कौन्सिल ऑफ इंडिपेंडंट कॉलेजेसचं, म्हणजे सीआयसीचं. यात मुख्यतः लहान आणि मध्यम खासगी कॉलेजं आहेत, चारशेच्या वर. यातली नावं आपल्याकडच्या नातेवाइकांनी ऐकलेली नसतात, पण रक्कम पाहिली तर बऱ्याच कुटुंबांसाठी हाच सौदा जास्त चांगला ठरतो. कारण इथे माफी पूर्ण ट्युशनची असते. इम्पोर्ट-एक्स्पोर्टचा हिशेब जुळवण्याची सक्ती नाही. आणि प्रत्येक सदस्य कॉलेजने वर्षाला किमान तीन नवे विद्यार्थी या योजनेतून घ्यायचे असतात. बरीच कॉलेजं त्याहून जास्त घेतात.

तिसरं, जेझुइट (कॅथलिक पंथाच्या एका संघाने चालवलेल्या) कॉलेजांचं फॅकएक्स, म्हणजे ‘फॅकल्टी अँड स्टाफ चिल्ड्रन एक्स्चेंज’. मार्केट (Marquette), क्रेटन, लोयोला शिकागो, सेंट लुइस अशा विद्यापीठांपैकी एखाद्यात तुम्ही नोकरीला असाल तर हे तुमच्या कामाचं. नावाप्रमाणे ही योजना कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी आहे. किती जागा द्यायच्या ते प्रत्येक विद्यापीठ स्वतः ठरवतं.

चौथं, ग्रेट लेक्स कॉलेजेस असोसिएशनचं. ओबरलिन, केनयन, डेनिसन, डीपॉ, कॅलमझू, वूस्टर ही त्यातली काही नावं. इथे कुटुंबाला दरवर्षी सहभाग शुल्क भरावं लागतं, पण शिक्षणाचा दर्जा पाहता ते परवडतं. याशिवाय कॅथलिक कॉलेजांचं आणि इतर ख्रिस्ती कॉलेजांचं अशी वेगळी जाळीही आहेत.

पहिली पायरी: स्वतःची पात्रता तपासा

मुलाची पात्रता आपलं कॉलेज ठरवतं. मुलाला जागा द्यायची की नाही, ते समोरचं कॉलेज ठरवतं. हे दोन निर्णय वेगळे आहेत आणि पहिला हातात असल्याशिवाय दुसऱ्याकडे जाता येत नाही.

प्रत्येक सदस्य कॉलेजात एक ट्युशन एक्स्चेंज लायझन ऑफिसर असतो. बहुतेक ठिकाणी ही व्यक्ती एचआर, अ‍ॅडमिशन किंवा फायनान्शियल एड ऑफिसात दुसरं काम करत असते आणि हे काम त्यासोबत सांभाळते. एचआरला मेल करून या व्यक्तीचं नाव विचारा, मग थेट भेट मागा. मूल आठवीत असलं तरी चालेल. लवकर आलात म्हणून कोणी नाराज होत नाही.

भेटीत हे प्रश्न विचारा, आणि उत्तरं नंतर मेलवर लिहून घ्या:

- माझं पद पात्र आहे का? पोस्टडॉक (पीएचडीनंतरचे तात्पुरते संशोधक), अ‍ॅडजंक्ट (तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक), व्हिजिटिंग, ग्रँटच्या पैशांवर नेमलेले, अर्धवेळ आणि कंत्राटदारामार्फत आलेले कर्मचारी बऱ्याच ठिकाणी बाहेर राहतात. आपल्याकडून येणाऱ्या कितीतरी संशोधकांची पहिली नोकरी पोस्टडॉकचीच असते, म्हणून हा प्रश्न सगळ्यात आधी.
- किती वर्षं नोकरी झाल्यावर लाभ सुरू होतो? आणि ती वर्षं कुठल्या तारखेला मोजतात, अर्जाच्या की सेमिस्टर सुरू होण्याच्या?
- वर्षाला किती मुलांना बाहेर पाठवता? अर्ज जास्त आले तर क्रम कसा लावता? सेवाज्येष्ठता, आधी आलेला अर्ज, की सोडत?
- एका कुटुंबातल्या दोन मुलांना एकाच वेळी मिळतं का?
- मी नोकरी सोडली, निवृत्त झालो, नोकरी कपातीत गेली किंवा माझा मृत्यू झाला, तर चालू असलेल्या विद्यार्थ्याचं काय?
- आपल्या कॉलेजचा अंतर्गत अर्ज कधीपर्यंत द्यायचा?

शेवटून दुसरा प्रश्न विचारायला जीव धजावत नाही, पण विचारा. काही कॉलेजं निवृत्तीनंतर किंवा मृत्यूनंतर लाभ चालू ठेवतात, काही त्या सेमिस्टरच्या शेवटी थांबवतात. कुटुंबाला हे आधी माहीत असायला हवं.

आता ‘आश्रित’ कोण? स्वतःचं, दत्तक घेतलेलं किंवा सावत्र मूल सहसा चालतं. वयाची मर्यादा कॉलेजागणिक बदलते. अनेक योजनांत जोडीदारालाही पदवी शिक्षणासाठी लाभ मिळतो. भाचा किंवा पुतणी शिकायला आपल्या घरी राहत असली, तिचा सगळा खर्च आपण करत असलो, तरी तेवढ्याने ती पात्र ठरत नाही. आपल्याकडच्या कुटुंबांकडून हा प्रश्न वारंवार येतो, म्हणून स्पष्ट लिहिलं.

आणि अजून ऑफर स्वीकारलेली नसेल तर हे सगळं त्याआधीच विचारा. लहान खासगी कॉलेजांचे पगार उद्योगांपेक्षा, अनेकदा मोठ्या सरकारी विद्यापीठांपेक्षाही कमी असतात. मुलं दहा-पंधरा वर्षांची असतील तर या लाभामुळे दोन ऑफरमधली तुलना पार उलटी होऊ शकते.

दुसरी पायरी: यादी

टीटीई आणि सीआयसी या दोन्हींच्या सदस्य कॉलेजांच्या याद्या त्यांच्या संकेतस्थळावर खुल्या आहेत. सदस्यत्व बदलत राहतं, म्हणून ओळखीतल्या कोणाची तीन वर्षांपूर्वीची यादी वापरू नका.

यादी करताना एक सवय सोडावी लागते. नाव ऐकलेलं असेल तरच कॉलेज चांगलं, हा आपला हिशेब इथे उपयोगाचा नाही. टीटीईमधल्या सगळ्यात प्रसिद्ध विद्यापीठांकडे अर्जांचा ढीग येतो आणि जागा मोजक्या असतात. तिथे प्रवेश मिळूनही एक्स्चेंज नाकारलं जाणं अगदी सामान्य आहे. याउलट ओहायो, आयोवा, पेनसिल्व्हेनिया, इंडियाना इथल्या कितीतरी लहान कॉलेजांत वर्गात वीस विद्यार्थी असतात, प्राध्यापक मुलांना नावाने ओळखतात आणि तिथून विद्यार्थी उत्तम पीएचडी कार्यक्रमांत आणि वैद्यकीय महाविद्यालयांत जातात. मुलाला घेऊन अशा एक-दोन कॉलेजांना भेट द्या. मुलं आपल्यापेक्षा लवकर मत बदलतात.

यादीत तीन प्रकारची कॉलेजं ठेवा: एक-दोन अवघड, तीन-चार अशी जिथे मुलाचे गुण तिथल्या सरासरीपेक्षा वर आहेत, आणि एक-दोन अशी जिथे एक्स्चेंज मिळण्याची शक्यता खूपच जास्त आहे. समोरच्या कॉलेजच्या लायझन ऑफिसरला थेट विचारता येतं: गेल्या वर्षी किती अर्ज आले, किती जणांना दिलं, गुणांची काही अट आहे का. बहुतेक जण मोकळेपणाने सांगतात. आपल्या राज्यातलं सरकारी विद्यापीठही यादीत असू द्या. का, ते पुढे बिलाच्या भागात कळेल.

इंजिनिअरिंगचा विचार असेल तर दोन गोष्टी नीट पाहा. त्या शाखेला एबेट या संस्थेची मान्यता आहे ना, हे तपासा. आणि अनेक लहान कॉलेजं ‘थ्री-टू’ कार्यक्रम देतात: तीन वर्षं तिथे, मग दोन वर्षं दुसऱ्या विद्यापीठात इंजिनिअरिंग. एक्स्चेंज पहिल्या तीन वर्षांपुरतं असतं. पुढची दोन वर्षं दुसऱ्या विद्यापीठाच्या दराने मोजावी लागतात. फार्मसी किंवा पदवीला जोडलेल्या वैद्यकीय कार्यक्रमांचंही तेच. पदवीनंतरच्या पातळीची वर्षं सहसा यात बसत नाहीत.

तिसरी पायरी: वेळापत्रक

मुलाचं हायस्कूलचं शेवटचं वर्ष ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होतं. त्या उन्हाळ्यातच यादी तयार हवी.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आपल्या कॉलेजचा अंतर्गत अर्ज भरायचा. टीटीईचा अर्ज ऑनलाइन असतो. आपण कॉलेजांची नावं भरतो, आपला लायझन ऑफिसर पात्रता प्रमाणित करतो आणि अर्ज त्या कॉलेजांकडे जातो. सीआयसीसाठीही प्रमाणपत्र आपल्याच ऑफिसातून जावं लागतं. अंतर्गत मुदत अनेक ठिकाणी प्रवेशअर्जाच्या मुदतीच्या आधी येते, आणि चुकामुक होते ती इथेच.

एक्स्चेंजचा अर्ज म्हणजे प्रवेशाचा अर्ज नव्हे. मुलाने निबंध, शिफारसपत्रं, गुणपत्रिका यांसकट नेहमीचा प्रवेशअर्ज वेगळा करायचा असतो. दोन्ही फाइली समोरच्या कॉलेजात एकत्र येतात तेव्हाच विचार होतो.

फाफ्सा हा सरकारी मदतीचा अर्ज साधारण १ ऑक्टोबरला उघडतो. काही कॉलेजं सीएसएस प्रोफाइल हा कुटुंबाच्या आर्थिक स्थितीचा वेगळा अर्जही मागतात. एक्स्चेंज मिळणार असलं तरी हे भरा, कारण अनेक कॉलेजं आधी सरकारी अनुदान लागू करतात आणि मग उरलेली ट्युशन माफ करतात.

अर्ली डिसिजन या लवकर अर्ज करण्याच्या पद्धतीबद्दल मात्र फार सावध राहा. त्या पद्धतीत प्रवेश मिळाला तर जायचं हे बंधन असतं, आणि निकाल डिसेंबरमध्ये लागतो. एक्स्चेंजचा निर्णय बऱ्याच कॉलेजांत फेब्रुवारी ते एप्रिलदरम्यान होतो. म्हणजे सवलत मिळणार की नाही हे न कळताच आपण बांधले जातो. ते कॉलेज दोन्ही निर्णय एकत्र देतं असं त्यांनी लेखी कळवलं असेल तरच हा मार्ग घ्या. अर्ली अ‍ॅक्शन या लवकर अर्जाच्या दुसऱ्या प्रकारात असं बंधन नसतं, तो खुशाल निवडा.

१ मे ही कॉलेज नक्की करण्याची सर्वसाधारण तारीख. एप्रिलच्या मध्यापर्यंत कळलं नसेल तर समोरच्या लायझन ऑफिसरला नम्र मेल करा. वेटिंग लिस्टवर असाल तर तेही विचारा. इतर मुलं नाही म्हणतात तशा जागा एप्रिलच्या शेवटी सुटतात.

बिल पूर्ण मांडा

एक्स्चेंज ट्युशनपुरतं असतं. राहणं-जेवण, इतर फिया, पुस्तकं, विद्यार्थी आरोग्य विमा, येणं-जाणं हे सगळं आपलं. उदाहरणापुरते तीन आकडे घेऊ.

समजा पहिलं कॉलेज प्रसिद्ध आहे. ट्युशन ६०,००० डॉलर, तिथे सेट रेट म्हणून ४२,००० मिळाले. उरले १८,०००. राहणं-जेवण १७,००० आणि फिया २,०००. वर्षाचा खर्च ३७,०००.

दुसरं, सीआयसीमधलं लहान कॉलेज. ट्युशन ४४,०००, ती पूर्ण माफ. राहणं-जेवण १३,०००, फिया १,५००. वर्षाचा खर्च १४,५००.

तिसरं, आपल्याच राज्यातलं सरकारी विद्यापीठ, कुठलंही एक्स्चेंज नाही. रहिवाशांसाठी ट्युशन आणि फिया मिळून १६,०००, राहणं-जेवण १४,०००. वर्षाचा खर्च ३०,०००.

म्हणजे ४२,००० डॉलरची सवलत मिळूनही पहिलं कॉलेज सरकारी विद्यापीठापेक्षा महाग पडलं. सवलतीचा आकडा ऐकून मन हुरळून जातं, पण घरातून किती जाणार हाच आकडा तुलनेचा. प्रत्येक कॉलेजच्या संकेतस्थळावर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतं, त्यात आपलं उत्पन्न घालून एक्स्चेंजशिवायचा अंदाजही काढा. आणखी एक: बहुतेक कॉलेजं एक्स्चेंज आणि स्वतःची गुणवत्ता शिष्यवृत्ती दोन्ही देत नाहीत, एक आलं की दुसरं जातं. बाहेरच्या संस्थांची शिष्यवृत्ती राहण्या-जेवणासाठी वापरता येते का, हे विचारून ठेवा.

५२९ खात्यात, म्हणजे शिक्षणासाठीच्या करसवलतीच्या बचत खात्यात, पैसे साठवले असतील तर ते वाया जात नाहीत. मूल किमान अर्धवेळ विद्यार्थी असेल तर राहणं-जेवण, पुस्तकं आणि आवश्यक फिया यांसाठी ते करमुक्त काढता येतात.

व्हिसा आणि ग्रीन कार्ड

खासगी ना-नफा कॉलेजं आणि विद्यापीठं एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या वार्षिक मर्यादेबाहेर असतात, तिथे लॉटरीची गरज नसते. आपल्याकडचे अनेक जण या वाटेने कॉलेजच्या नोकरीत येतात, आणि त्यांची मुलं एच-४ या आश्रितांच्या व्हिसावर असतात.

ट्युशन एक्स्चेंज हा नोकरीतला लाभ आहे, सरकारी मदत नव्हे. त्यामुळे मूल एच-४वर आहे एवढ्याच कारणाने तो आपोआप नाकारला जात नाही. पण समोरचं कॉलेज स्वतःच्या अटी घालू शकतं. खरी अडचण फाफ्साची येते. सरकारी मदतीसाठी विद्यार्थी नागरिक, ग्रीन कार्डधारक किंवा ठरावीक पात्र गटातला असावा लागतो, आणि एच-४ त्यात येत नाही. एक्स्चेंजसाठी फाफ्सा अनिवार्य असेल तर फायनान्शियल एड ऑफिसला आधीच कळवा: मूल फाफ्सासाठी पात्र नाही, त्याऐवजी काय द्यायचं? बहुधा त्यांचा पर्यायी फॉर्म असतो. मूल अमेरिकेत जन्मलं असेल तर आई-वडिलांच्या व्हिसाने त्याच्या फाफ्साला बाध येत नाही.

वयाची एकवीस वर्षं पूर्ण झाली की एच-४ संपतो. हे साधारण तिसऱ्या वर्षात येतं. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर बदल करावा लागला तर काही कॉलेजं विद्यार्थ्याला आंतरराष्ट्रीय गटात टाकतात. तेव्हा एक्स्चेंज चालू राहील का, हे पहिल्याच वर्षी लेखी विचारा, आणि व्हिसाबदलाबद्दल इमिग्रेशन वकिलाचा सल्ला वेळेत घ्या.

कराचं थोडक्यात

अमेरिकेच्या आयकर कायद्याच्या कलम ११७(डी)नुसार कर्मचारी, जोडीदार आणि आश्रित मुलं यांच्या पदवीपर्यंतच्या शिक्षणाची अशी ट्युशन माफी करमुक्त असते, दुसऱ्या कॉलेजात घेतली तरीही. मुलाच्या किंवा जोडीदाराच्या मास्टर्ससाठी माफी मिळाली तर ती रक्कम साधारणपणे आपल्या पगारात धरून कर लागतो, आणि तो एका महिन्याच्या पगारातून मोठा घास घेऊ शकतो. स्वतःच्या शिक्षणासाठी मालकाकडून वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतची मदत वेगळ्या कलमाखाली करमुक्त आहे.

ट्युशन माफ झाली तरी आपण भरलेल्या आवश्यक फिया आणि पुस्तकं यांवर अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी क्रेडिट ही करातली सूट मिळू शकते, वर्षाला कमाल २,५०० डॉलर, उत्पन्नाच्या मर्यादेत बसत असाल तर. एकाच खर्चावर हे क्रेडिट आणि ५२९ची करमुक्ती दोन्ही घेता येत नाहीत, म्हणून पावत्या वेगळ्या ठेवा.

मिळाल्यावर काय सांभाळायचं

एक्स्चेंज सहसा आठ सेमिस्टरपर्यंत असतं, पण दर वर्षी नव्याने प्रमाणित व्हावं लागतं. आपल्या ऑफिसातून ते होतं आणि एखाद्या वर्षी राहून गेलं तर ऑगस्टमध्ये पूर्ण बिल येतं. प्रत्येक फेब्रुवारीत लायझन ऑफिसरला एक मेल करा.

मुलाने पूर्णवेळ, म्हणजे सेमिस्टरला किमान बारा क्रेडिट, नोंदवलेले असावे लागतात आणि कॉलेजने ठरवलेले गुण टिकवावे लागतात. पहिल्या सेमिस्टरमध्ये अवघड विषय एकत्र घेऊन गडबड होते, तेव्हा एखादा विषय सोडायच्या आधी क्रेडिट बाराच्या खाली जात नाहीत ना, हे त्याने पाहायलाच हवं. उन्हाळी सत्र आणि परदेशातलं सेमिस्टर अनेक ठिकाणी धरलं जात नाही. कॉलेज बदललं तर सवलत सोबत जात नाही, नव्याने अर्ज करावा लागतो.

शेवटचा मुद्दा कॉलेजच्या प्रकृतीचा. गेल्या काही वर्षांत बरीच लहान खासगी कॉलेजं बंद पडली. अलाबामातलं बर्मिंगहॅम-सदर्न कॉलेज आणि न्यूयॉर्क राज्यात ऑल्बनीचं कॉलेज ऑफ सेंट रोझ ही दोन्ही २०२४मध्ये बंद झाली. यादीतलं कॉलेज निवडण्याआधी गेल्या पाच वर्षांतली विद्यार्थीसंख्या पाहा, बंद केलेल्या विभागांच्या बातम्या वाचा. शिक्षण खातं खासगी कॉलेजांना आर्थिक गुणांकन देतं, उणे १ ते ३ या मापावर. १.५ किंवा जास्त असेल तर ते कॉलेज आर्थिकदृष्ट्या जबाबदार मानलं जातं. हीच तपासणी आपण जिथे नोकरी करतो त्या कॉलेजचीही करा, कारण ते अडचणीत आलं तर लाभात कपात होण्याची पहिली शक्यता तिथेच असते. आणि धाकटं मूल दोन-तीन वर्षांनी कॉलेजला जाणार असेल तर त्याच्यासाठी अर्ज कधी द्यायचा, हे मोठ्याच्या वेळच्याच भेटीत विचारून तारीख कॅलेंडरवर टाका.